गोड पाण्याचा गडवा

अकोला, रविवार, संध्याकाळ

शेजारच्या आंतोनच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा आज आमच्या कापसाच्या गोदामात झाला. आंतोन गोव्याचा, रेल्वेच्या कामावर सुतार. पाद्री नागपुराहून क्वचितच येतात. कापसाच्या गाठींवर पांढरी चादर अंथरली, तीच वेदी.

ऐन वेळी आंतोनची बायको मारी अडून बसली. त्यांच्या आडाचं पाणी खारं. पोरीच्या डोक्यावर ते नको. कोणतंही पाणी चालतं, पाद्रींनी समजावलं. ती ऐकेना. तेव्हा माझी बायको सरस्वती उठली आणि घरून गोड पाण्याचा गडवा घेऊन आली. आपल्या घागरीला कुणाला शिवू न देणारी ती! मी पाहतच राहिलो.

पण नुसत्या पाण्यानं माणूस देवाचा कसा होतो? मी विचारलंच. पाद्री म्हणाले, "पाणी साधंच. त्या घडीला देव लेकराला आपलं म्हणतो." पुरतं कळलं, असं नाही. पोरगी मात्र पाणी पडताच खुदकन हसली.

नाव ठेवलं फिलोमेना. घरी आल्यावर सरस्वती म्हणाली, "थे नाव माह्या तोंडात बसत नाही. मी तिले चिमी म्हणीन."

"म्हण की."

"अन् मारी मले वहिनी म्हणून राहिली. मंग चिमी आपली भाचीच झाली ना?"

झालीच म्हणायची.