तिसऱ्या खेपेचं साल

आखात, १२ मार्च २०२५

चि. राजकन्या हिस,
अ. आ.

आणि तू काहीबी म्हण, चूक अप्पाचीच हाय. फोनवर मी ओरडतो आन तू फोन ठेवतीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटू पाठवून राहिलो. आता ठेवून दाखव.

पहिल्या खेपेत दोन खोल्या बांधल्या. दुसऱ्या खेपेत लोखंडी गेट बसवलं, ट्रॅक्टर जाईल एवढं रुंद. आपल्याकडं ट्रॅक्टर न्हाई, ते सोड. श्रीमंतरावाच्या सालगड्यालाबी गेट असतं, हे गावाला दिसावं म्हणून बसवलं. आणि माय सांगती, अप्पा त्यातून जातच न्हाई. मागच्या काट्यांच्या कुपाटीतून वाकून निघतो आन दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण भरतो. स्वतःचं गेट उघडायची लाज वाटती म्हणं!

तूच सांगितलंस, हजार वर्षांमागच्या इंग्लंडात कायदा होता. साध्या शेतकऱ्यानं पाच नांगरांची जमीन केली, देऊळ, घंटा, गेट उभं केलं, तर तो सरदार. थेन का काय म्हणतीस. आणि व्यापारी तीनदा समुद्रापार जाऊन आला तर तोबी थेन. माझी ही तिसरी खेप हाय. मग माझा बाप अजून गडी कसा?

पाडव्याला त्याचं साल संपतं. श्रीमंतराव सुपारी पुढं करील, अप्पा सवयीनं उचलील, की पुढच्या पाडव्यापर्यंत बांधला. मला कळाया लागल्यापासून हेच बघून राहिलो. यंदा तू हॉस्टेलातून गावाकडं जा आन त्याचा हात धर. पैशाची फिकीर नको. मी सुपरवायझर झालो हाय, साइटवरची पांढरी टोपी मिळाली.

राग धर, पण माया आटू देऊ नको.
तुझा दादा,
माउली

नांदेड, १ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हात धरायला गेले होते. धरता आला नाही.

तुझी पांढरी टोपी खोटी आहे. तुझ्या खोलीतला वीरण्णा सुटून निलंग्याला परतलाय. पाडव्याच्या सकाळी तो मुखेडला उतरून मुद्दाम आपल्या घरी आला. चहाचा कप हातात धरून त्यानं सगळं सांगितलं. तू उन्हात सळया वाहतोस. पासपोर्ट तिथल्या शेठच्या कपाटात आहे. मुदतीआधी सुटायचं तर शेठ एक लाख दहा हजार मागतो. मायनं पदर तोंडाला लावला. अप्पा उठला, धुतलेलं धोतर नेसला आणि, ऐक दादा, पहिल्यांदाच गेट उघडून बाहेर पडला. सताड उघडून.

सरळ श्रीमंतरावांच्या ओट्यावर गेला आणि आपणहून सुपारी मागितली. ते स्वतः म्हणाले की सुदाम, गुडघे धरलेत तुझे, यंदा नको. अप्पा म्हणाला, पोरगं अडकलंय, वर्षाचे सगळे पैसे आजच द्या. त्यांनी दिले. मी मागं उभी होते. सरदारकीचा कायदा पाठ असलेली तुझी शहाणी बहीण.

आणि तू नेहमी अर्धंच ऐकतोस. व्यापाऱ्यानं स्वतःच्या जोरावर समुद्र ओलांडायचा असतो. तू शेठच्या तिकिटावर गेलास, तुझ्या खेपा धरत नाहीत. मी तो कायदा वाचला त्याच पुस्तकात पुढं आहे की वाईट दिवसांत माणसं आपलं डोकं धन्याच्या हातात देत आणि भाकरीसाठी त्याचे गुलाम होत. आणि धन्याला एखादा गुलाम सोडायचा असला तर तो त्याला चौरस्त्यावर नेई आणि चारचौघांत सांगे की आता सगळे रस्ते तुला मोकळे. परीक्षेपुरतं वाचलं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

शेठच्या हैदराबादच्या माणसाकडं आज पैसे भरले. पासपोर्ट हातात आला की निघ. अप्पाचं वर्ष फुकट घालवू नकोस.

चिडलास तरी चालेल, पण परत ये.
तुझीच,
राजकन्या

आखात, १७ एप्रिल २०२५

चि. राजकन्या हिस,
अ. आ.

पासपोर्ट मिळाला. दिवसभर खिशात घेऊन हिंडलो. समुद्रापर्यंत चालत गेलो, पाण्यात पाय घालून उभा राहिलो. लई मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग अप्पाचे गुडघे आठवले. मी गावाकडं येऊन निवांत चहा पिणार आन तो माझ्यापायी पुढच्या पाडव्यापर्यंत शेण भरणार. त्या घरात मला घास गिळवला असता का?

आज सकाळी पासपोर्ट शेठच्या टेबलावर मीच ठेवला. आणखी दोन वर्षांची सही केली आन उचल मागितली. शेठ हसला. कुणी परत येऊन डोकं देत न्हाई म्हणला. तू येडा म्हणशील, म्हण. पण आता फोन करून रडू नको, सही झाली. वीरण्णाला सांग, पुन्हा आपल्या घरी खरं बोलायला जाऊ नको.

श्रीमंतरावाच्या ओट्यावर पैसे ठेव आन सुपारी परत माग. उचल फिटली की साल मोडतं, गावाला ठाऊक हाय. अप्पा न्हाई म्हणंल. ऐकू नको. त्याला धुतलेलं धोतर नेसव, गेटातून बाहेर काढ आन मुखेडच्या चौकात ने. नांदेडची, देगलूरची, लातूरची, सगळ्या एस्ट्या दाखव. त्यातली कुठलीबी तुझी म्हणून सांग. तो घाबरंल, मग जायाचं कुठं म्हणून विचारंल. म्हणावं, कुठंबी नको जाऊ, जरा नुसता उभा राहा. तू त्याच्याजवळ थांब.

मला दिसणार न्हाई, म्हणून तू नीट बघ आन मला लिही.

दूर असलो तरी घरातलाच धर.
तुझा दादा,
माउली

सोबत पाठवले: रुपये एक लाख दहा हजार.