चादरींच्या भिंती

मंगळवार, ९ जानेवारी

आज गोठा बघितला. पूर्वी एकदा बघितला होता, लग्न झाल्या झाल्या, नाकाला रुमाल लावून. आज घर म्हणून बघितला. कठीण आहे! दगडी भिंती तेवढ्या शाबूत. जमिनीत मधोमध गुरांच्या मुताची नाली, एका कडेला लांबच्या लांब गव्हाण, वर गवताचा माळा, माळ्याला शिडी. कित्येक वर्षांत इथे एक शेपूट हललेलं नाही, तरी वास आहे तो आहेच. नालीत माझा पाय दोनदा मुरगळला.

आर्किटेक्ट पोरगी मात्र खूश. मान वर करून तुळयाच बघत राहिली. "काकू, काय उंची आहे! सगळं मोकळं ठेवू या. एकच मोठी खोली. ही गव्हाण पण ठेवू, झाडं लावू तिच्यात." मी म्हटलं, झाडं नकोत. मला भिंती हव्यात. बुटक्या खोल्या हव्यात आणि एक अरुंद, काळोखा पॅसेज. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

गुरुवार, ११ जानेवारी

मार्चअखेर फ्लॅट रिकामा करायचा. इमारत पाडणार आहेत. सगळे म्हणतात दुसरा फ्लॅट बघा. बघितला असता. पण यांचं काय करू?

यांचं डोकं विरत चाललंय, जुन्या धोतरासारखं. आधी नावं गेली, मग वार गेले. आयुष्यभर औषधाचं दुकान चालवलं. दिवे गेले तरी फडताळात हात घालून नेमकी बाटली काढायचे, बघावंसुद्धा लागायचं नाही. आता गोळ्या मी देते आणि हे विचारतात, "कुणाच्या?"

पण घरात चुकत नाहीत! पलंगावरून उठलं की डावीकडे, मग पॅसेज, उजव्या हाताला बटण, पुढे संडास. अर्धवट झोपेतसुद्धा. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "घर बदलू नका. उरलंसुरलंही जाईल."

म्हणून मी घर बदलणारच नाही. हेच घर नेऊन गोठ्यात ठेवणार. जसंच्या तसं. पलंगाची जागा, दाराची बाजू, बटणाची उंची, सगळं. गोठा यांच्या वडिलांचा. विकून टाकायचं राहून गेलेलं तेवढंच एक. नशीब!

रविवार, १४ जानेवारी

लेक आला होता. एकटाच. जेवला, हात धुतले आणि मग तोंड उघडलं. "आई, बाबांना संस्थेत ठेवू या. मी बघून आलोय. चांगले लोक आहेत. बाग आहे."

बाग तर आपल्याकडेही आहे, म्हटलं, खिडकीतल्या कुंडीत. हसला नाही.

बराच वेळ घासाघीस. शेवटी ठरलं ते असं: गोठ्याला हात लावायच्या आधी बाबा तिथे वावरू शकतात का, ते बघायचं. नाही जमलं तर संस्था. "आणि मग हट्ट करायचा नाहीस." जणू मीच त्याचं लेकरू! अर्धा खर्च तो करणार, त्यामुळे त्याला गप्पही बसवता येत नाही. कबूल केलं.

हे सगळं बोलणं चाललं होतं तेव्हा हे तिथेच बसले होते. संस्था शब्द आला की मान डोलवायचे, दुसऱ्या कुणाविषयी चाललंय तसे.

बुधवार, १७ जानेवारी

शिवणाच्या टेपने घर मापलं. शाळेत जन्मभर शिवण शिकवलं, दुसरी टेप माहीतच नाही मला. हे मागे मागे फिरत होते.

"कुणाचं माप घेतेस?"

"घराचं."

"बाहीत जरा सैल ठेव हं. आटतं."

दोघंही हसलो. किती दिवसांनी! नंतर मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

शनिवार, २० जानेवारी

आर्किटेक्टने सुरुवातीचा खर्च काढून पाठवला. वाचता वाचता तोंडचं पाणी पळालं. गुरांचं मूत पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत मुरलंय, ती उकरून टाकायची. नवी भरणी. भिंतींची ओल. मैल्याची लाइन. वीज. शिवाय गुरांच्या जागेत माणसं राहणार याची परवानगी, तिची वेगळी फी. गुरांनी कधी भरली होती कुणास ठाऊक! आणि एवढं सगळं होऊन अजून एक भिंत उभी नाही.

सगळ्यात शेवटी माझं खोटं छत. "काकू, इतक्या सुंदर तुळया झाकायला तुम्ही पैसे देणार?" हो, म्हटलं. फ्लॅटमध्ये तुळया नाहीत. यांनी डोळे उघडले की वर पांढरं सपाट छत दिसलं पाहिजे. नाहीतर घाबरतील.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल काढून लिहून घेतलं. पोरगी चांगली आहे.

सोमवार, २२ जानेवारी

वन्संचा फोन. गोठ्याचं त्यांच्या कानावर गेलं. "अगं, तो तर तिथेच झोपायचा लहानपणी! वडिलांचा हात उठायला लागला की हा पळाला गोठ्यात. वर्षानुवर्षं. आई ताट तिकडेच नेऊन द्यायची." मला हे एका अक्षराने कधी बोलले नाहीत. एवढा संसार झाला, एकदाही नाही.

संध्याकाळी विचारलं, तुम्ही गोठ्यात झोपायचात?

"कुठला गोठा?"

संपलं. वन्संना तिखटमीठ लावायची सवय आहेच.

गुरुवार, २५ जानेवारी

भिंती बांधून झाल्यावर चूक निघाली तर कपाळाला हात लावून बसायचं का? कापड कापायच्या आधी कागद कापतात. मुलींना हेच शिकवत आले. मग घरालाही तेच.

कागदावर खोल्या आखल्या. आता चादरींच्या भिंती शिवतेय. जुन्या चादरी, पडदे, अभ्रे उसवून. गोठ्यात दोऱ्या ताणायच्या, त्यावर या टांगायच्या. दार असेल तिथे फट. पलंगावर एक पांढरी चादर आडवी, छत म्हणून. पलंगाच्या जागी खाट. खर्च काय, तर फक्त दोरा!

मशीन चालू असलं की हे शेजारी बसतात. रिळं रंगावारी लावतात. विस्कटतात. पुन्हा लावतात.

शनिवार, ३ फेब्रुवारी

घर उभं राहिलं! आर्किटेक्टने दोन माणसं दिली दोऱ्या बांधायला. मी कागद हातात धरून सांगत गेले, ते टांगत गेले. शेवटी मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले. दोन्हीकडे चादरी, तरी खरंच पॅसेज होता तो. कोपराला लागेल असा अरुंद.

"काकू, वेड्या आहात तुम्ही," पोरगी म्हणाली. पण फोटो काढले तिने.

रविवार, ४ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही.

लेकाने गाडीतून नेलं. दुपारी यांना खाटेवर निजवलं, आम्ही बाजूला थांबलो. उठले. डावीकडे वळले. चादर. तिला हात लावून उभे राहिले. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. चादरीवर हात फिरवत राहिले, बटण शोधत. श्वास मोठा मोठा. मी "अहो" म्हणून धावले तोवर पँट ओली झाली होती.

लेकाने मान फिरवली. मी त्याच भिंतीची चादर ओढून यांना गुंडाळलं.

गाडीने परत आलो. उतरताना लेक एवढंच म्हणाला, "बघितलंस ना, आई."

बघितलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

कागद उलटा होता!!

सकाळी भांडी घासताना डोक्यात आलं. हे डावीकडे वळले, तिथे चादर कशी? हात तसेच साबणाचे, कागद काढला. पातळ कागद, रेघा मागूनही दिसतात; गोठ्यात मी तो पालथा धरून सांगत होते. डावं ते उजवं, उजवं ते डावं. जन्मभर मुलींवर खेकसले, कापडाची सुलटी बाजू बघा, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतील! आणि मी अख्खं घर उलट्या बाजूने शिवून बसले.

म्हणजे हे बरोबर होते! डावीकडेच वळायला हवं होतं. त्यांना घर पाठ आहे. चूक माझी!

चूक निघाल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता. लेकाला फोन लावला. सगळं सांगितलं. "आई..."

"एकदाच."

"शेवटचं, आई. खरंच शेवटचं."

शनिवार, १० फेब्रुवारी

सगळं उतरवून सुलट टांगलं. या वेळी माणसं नव्हती, मी आणि पोरगी दोघीच. खांदे गेले. छताची चादर बांधायची राहिली. असू दे, वर कोण बघतंय!

रविवार, ११ फेब्रुवारी

खाटेवर निजवलं. आम्ही तिघं चादरीआड उभे, मी, लेक आणि आर्किटेक्ट.

उठून बसले. आणि वर बघितलं. छत नव्हतंच, नुसत्या तुळया. किती वेळ बघत होते. तोंड जरा उघडं. मला वाटलं, संपलं, घाबरले.

उठले. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. समोर! सरळ चादरीतून. डोक्यावरून ती बाजूला सारली, पुढची सारली, तिच्या पुढचीची दोरीच तुटली. माझं स्वयंपाकघर पडलं. पॅसेज पडला. वाटेत नाली आली तर खाली न बघता ओलांडली, आम्ही सगळे जिथे आपटलो ती. गव्हाणीच्या टोकाशी गेले, भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला, बघितलंसुद्धा नाही. हातात खरारा! गुरांचं अंग घासायचा तो, गंजून लाल झालेला. तो कोनाडा तिथे आहे हे आर्किटेक्टलाही माहीत नव्हतं, मापं काढून गेली होती ती.

खरारा ठेवला. मागच्या दाराची कडी काढली, बाहेर कोपऱ्यात जाऊन लघवी करून आले. स्वतःचे स्वतः. बटणं लावून. गेल्या कित्येक महिन्यांत बटणं मी लावतेय.

आत येऊन कमरेवर हात. "गोठ्यात धुणं कुणी वाळत घातलंय? गुरं बुजतील!"

लेक हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंड झाकून घेतलं. मग जवळ जाऊन विचारलं, "बाबा, इथे राहाल?"

"राहतोच की मी."

आवाज वेगळा होता. मी कधी न ऐकलेला.

परतताना लेक म्हणाला, "संस्थेचं राहू दे, आई." जीव भांड्यात पडायला हवा होता.

सोमवार, १२ फेब्रुवारी

काल एक लिहायचं टाळलं.

निघताना हे माझ्याकडे आले. नीट बघितलं. अदबीने. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की बघायचे तसं. "तुम्ही कोणाकडे आलात?"

मी म्हटलं, राहायला आलेय.

"मग वर माळ्यावर झोपा. पाहुणे माळ्यावर झोपतात. खाली गुरांचा वास येतो, तुम्हाला सवय नसेल."

घरी आल्यावर पलंग, डावीकडे, पॅसेज, बटण, सगळं बरोबर. "अगं, चहा टाक," म्हणाले. अगं! मार्चपर्यंत मी अगं आहे. फ्लॅटच्या भिंतींनी मला धरून ठेवलंय, बटणाला धरलंय तसं. त्या गोठ्यात मी कधी नव्हतेच. जिथे हे चुकत नाहीत, तिथे मला जागाच नाही.

आणि मी चिडलेय. यांच्यावर नाही, चादरींवर. एवढं शिवलं, एवढं मापलं. कुणासाठी? ते घर मलाच जपायचं होतं. यांचं नाव पुढे केलं.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आर्किटेक्टला बोलावलं. भिंती नकोत, छत नको. गव्हाण तशीच, कोनाडा तसाच, नाली दिसू दे. यांची खाट गव्हाणीशेजारी. मागच्या दाराबाहेर त्याच कोपऱ्यात संडास, हातभरसुद्धा इकडे तिकडे नको.

"काकू, हा तर माझा पहिला नकाशा!"

तुझाच, म्हटलं. खर्चही उतरला. निघताना तिने विचारलं, "आणि तुमची खोली कुठे?" मी म्हटलं, बघू.

चादरी धुऊन घड्या करून ठेवल्या.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आर्किटेक्टला पुन्हा फोन केला. माळ्याची शिडी काढ, तिथे जिना कर. पायऱ्या बुटक्या, कठडा दोन्ही बाजूंनी. पाहुणीचे गुडघे दुखतात.