दस्त्यावरची हळद

आई, आज तुझी हळद सापडली. डब्यातली नव्हे, तो डबा तर तू गेल्यावर मामी घेऊन गेली. एका जपानी रायफलच्या लाकडी दस्त्यावरची सापडली. हो, तीच! जिच्यावरून बाबांनी तुझ्याशी अबोला धरला होता आणि तू मजेत भाजी चिरत बसली होतीस, ती.

साउथहॅम्प्टनचं घर मी विकलं नाही. मागच्या शेडमध्ये बाबांचं काम आता मी करते. महायुद्धातल्या जपानी रायफली, कोणाच्या वडिलांनी ब्रह्मदेशातून आणलेल्या, कायद्याने कधीच निकामी करून टाकलेल्या. ज्या वाचण्यासारख्या नाहीत त्या मोडायच्या, त्यांचे स्क्रू, पट्ट्या, लाकूड काढायचं आणि दुसऱ्या धड करायच्या. ‘बापलेकींचं भंगारचं दुकान’ म्हणायचीस ना, तेच दुकान. गेले कित्येक महिने स्टॅनमोरचे एक म्हातारे इंग्रज गृहस्थ माझ्या मागे लागले आहेत. त्यांच्या वडिलांची रायफल गॅरेजमध्ये पाण्यात राहिली आणि दस्ता चहात पडलेल्या बिस्किटासारखा झाला. जपानी दस्ता दोन तुकडे सांधून केलेला असतो, तसा इथे मिळत नाही, आणि नवा करून देईन म्हटलं तर त्यांना नको. दर आठवड्याला फोन. “एनी लक, माय डियर? नो रश.” नो रश म्हणे! शेवटी कोणाचं तरी घर रिकामं करताना, हाऊस क्लिअरन्समधून, एक पार गंजलेली रायफल आली. लोखंड गेलेलं, पण दस्ता ठणठणीत. सकाळी चहा ठेवला आणि खांद्याला टेकते ती मागची लोखंडी पट्टी सोडवली. खाली लाकडावर एक पिवळं बोट, आणि त्याच्याभोवती तांबूस कडं. चहा उतू गेला, आई. मी तशीच बघत बसले.

तेव्हाची खंडेनवमी आहे. तू न्हाऊन, केस तसेच ओले, तबक घेऊन शेडमध्ये येतेस. वेम्बलीहून आणवलेली झेंडूची फुलं करवतीला, रंध्याला, पटाशीला. कोपऱ्यात एक दस्ता उलटा उभा आहे, मागची पट्टी आणि जुना रंग काढून कोरा केलेला. वर दिसतं ते कपाळ, असं तू ठरवतेस आणि ओल्या हळदीचं बोट टेकवतेस. तेवढ्यात बाबा आत येतात.

“अगं, काय केलंस हे! कोरं लाकूड आहे ते! गिऱ्हाइकाचं आहे!”

“करवतीला लावली, रंध्याला लावली. यानेच काय पाप केलंय?”

“ती आपली हत्यारं. ही रायफल आपली आहे का?”

“आपल्या घरात आहे ना? मग झालं तर.”

बाबा धावत जाऊन साबणाचं पाणी आणतात आणि खसाखसा घासतात. लाकडाचा तो आडवा कापलेला भाग, सगळं पिऊन टाकणारा. पिवळं जायचं राहिलं बाजूला, कडेने लालभडक झालं. तू दाराला धरून हसतेस, डोळ्यांना पदर लावून हसतेस. “अहो, मी नुसती हळद लावली होती. कुंकू तुम्ही वाहिलंत!” मीही हसले आणि फुकट बोलणी खाल्ली. शेवटी बाबांनी वर पट्टी बसवली. गिऱ्हाईक खूश होऊन रायफल घेऊन गेलं, त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही. पोळ्या लाटताना मी तुला विचारलं होतं, तुला तर या बंदुका डोळ्यांसमोर नको असतात, मग हळद कशाला? तू म्हणालीस, “कोणाच्या तरी लेकाच्या हातात होती गं ती. तिकडे रानात त्याला कोण ओवाळणार होतं?” आणि लगेच, “तवा तापलाय, बडबड कमी कर.”

आई, तुझं माझ्याकडे काहीच राहिलं नाही गं. साड्या मावश्यांनी वाटून घेतल्या. पोळपाट चिरला. आन्सरिंग मशीनवर तुझा आवाज होता, ती कॅसेट मशीननेच खाल्ली. फोटो आहेत, पण फोटोत तू कायम कोणाकडे तरी बघून ‘जेवलास का’ विचारल्यासारखी. आणि इतक्या वर्षांनी तुझं बोट सापडतं, तेही दुसऱ्याला द्यायच्या लाकडावर! मी त्याच्यावर माझं बोट ठेवून पाहिलं. तुझं बारीक होतं. मला फार आठवण आली, इतकी की रागच आला. बारीक करवत घेतली. तेवढीच एक चकती कापायची, त्या जागी दुसरी चिकटवायची, वर पट्टी. कोणाला कळणार होतं? करवत लाकडाला टेकवली होती, तेवढ्यात फोन वाजला. तेच. म्हातारे.

म्हटलं, मिळालाय दस्ता. ते म्हणाले, रविवारी डॅड भिंतीवरून ती रायफल खाली काढायचे आणि आम्ही दोघं पुसायचो. मला ती फक्त एकदा पुन्हा तशी बघायचीय. आणि रडले गं चक्क. मी इकडे करवत हातात धरून, तिकडे ते. फोन ठेवला आणि करवत खिळ्याला अडकवून टाकली. बाबा सांगायचे, झाकलेल्या बाजूला हात लावायचा नाही, तिथे आधीच्या माणसाचं काम असतं. ते जपानी सुताराबद्दल बोलत होते. तुझ्याबद्दल बोलतोय असं त्यांच्या मनातही नसेल.

दस्त्याला तेल दिलं, बाहेरून सगळा नीट केला, त्यांच्या रायफलीला अगदी बेमालूम बसला. उद्या ते न्यायला येतील. हे पत्र घडी करून पट्टीखाली सारावं असंही मनात आलं, पण मग पट्टी बसली नसती. त्यामुळे ते स्क्रूंच्या ड्रॉवरमध्येच राहील.

एक सांगायचं राहिलं. पट्टी लावण्याआधी मी स्वयंपाकघरातून हळद कालवून आणली आणि तुझ्या बोटाशेजारी माझं बोट टेकवलं. खंडेनवमी नव्हती, काही नव्हतं, साधा मंगळवार. आणि आंघोळही झाली नव्हती माझी. ओरडू नकोस.