तिसऱ्या वर्गातल्या गाठी

पौष शु. १२, शके १७८५. उमरावती

शाळेच्या पाच खोल्यांपैकी तीन गेल्या. गणपतसेठ अडत्याने रुईच्या गाठी आणून रचल्या. विलायतेला कापूस हवा, गाड्या मिळत नाहीत, म्हणून आमची शाळा वखार! वर तोंड करून म्हणतो, "पंतोजी, शायेचा दगूड माह्या, लाकूड माह्यं. आठ दिवस पोरं लिंबाखाली बसली त कोणतं आभाय पडते?" तहसीलदारांनी मान डोलावली. देणगीदार ना.

पौष व. ५

आठ दिवस सरले. त्याची माणसं आता आवारातच गाठी बांधतात. बांधण्याआधी रुईवर पाणी शिंपडतात, वजन वाढावं म्हणून. पाणी आमच्याच विहिरीचं. मी बोललो तर ग. से. म्हणे, "समदेच मारतात. तुमी आपले बाराखडी पाहा." मेल्याचं तोंड पाहिलं की माझा दिवस नासतो.

पौष व. १०

आज एक उद्योग केला. परीक्षा घ्यायला साहेब येतो असं पत्र स्वतःच लिहिलं आणि ग. से.ला वाचून दाखवलं. संध्याकाळच्या आत तिन्ही खोल्या रिकाम्या! तिसऱ्या वर्गाच्या भिंतीला पृथ्वीचा नकाशा पुन्हा टांगला. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

माघ शु. २

साहेब कुठला यायला? ग. से.ने कचेरीत विचारलं, बिंग फुटलं. तहसीलदारांनी ऐकवायचं ते ऐकवलं. आता चार खोल्या भरल्या, कुलपं त्याची. मला पुस्तकांची खोली तेवढी उरली. नकाशा गाठींमागे अडकला. पोरं हसतात.

माघ शु. ९

शाळेचा शिपाई रामजी, वयाने माझ्या वडिलांएवढा. सकाळी हमाल तिसऱ्या वर्गात गाठी टाकत होते, तेवढ्यात मला आत घेऊन गेला. "मास्तर, मंधातल्या गाठीत हात घाला. पोटातून तापून राहिली." घातला. तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखी ऊन. आंबूस वास. ओली रुई अशीच पेटते म्हणतो.

पहिला विचार, खोटं कशाला बोलू, जळू दे मेल्याची रुई! मग वर पाहिलं. सागाची तुळई, फळ्यांचं छत. पलीकडेच पुस्तकांची खोली.

माघ शु. १०

ग. से.च्या अडतीवर गेलो. लोकांसमोर हसला. "पयले साहेब आणला, आता आग आणली. उद्या काय भूत आणसान?"

म्हटलं, "पत्र खोटं होतं, कबूल. हे खरं आहे. स्वतः येऊन हात घालून पाहा."

"पंतोजी, तुमाले खोल्या पाह्यजे. मले समजते."

त्याचं चुकलं असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू? मी तरी माझ्यावर विश्वास ठेवला असता का? तहसीलदारांना लेखी कळवलं, आधी माझा खोटेपणा, मग गाठींचं. नोकरी जाईलसं दिसतं. उत्तर नाही.

माघ शु. १२, दुपार

ग. से. गाड्या ठरवायला अकोल्यास गेला, किल्ल्या घेऊन. उद्या येणार. तहसीलदार दौऱ्यावर. मुनीम म्हणतो, मालकाला विचारल्याशिवाय कुलपाला हात लागायचा नाही.

पोरांना घरी पाठवलं. पुस्तकं मी आणि रामजीने लिंबाखाली आणून ठेवली. विहिरीवरून घागरी भरून दारात मांडल्या. मग तिसऱ्या वर्गाच्या भिंतीला बाहेरून तळहात लावला. दगड ऊन लागला. ती भिंत उत्तरेची, या दिवसांत तिच्यावर ऊन येत नाही.

रामजी पहार घेऊन आलाय. "मी तोडतो, मास्तर. तुमी दूर राहा." त्याच्या हातून काढून घेतली. पुढे चौकशी होईल, म्हणून घाईतच लिहून ठेवतो. कुलूप मी तोडतो आहे, रामजीने नव्हे. आत काय निघेल ते निघो. हे खरं—