पामच्या किसनचं फुफ्फुस

बोईसर, मंगळवार रात्र, १९८७

पाम गावचा किसन कारखान्यात फुटलेल्या नळीतला क्लोरीन ओढून माझ्या दवाखान्यात आला होता. आज त्याच्या बायकोला समजावलं, "गॅस निघून गेला. पण त्याच्याशी लढायला धावलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जे एन्झाइम सोडतायत, ते त्याचंच फुफ्फुस खातंय."

शेजारी उभा असलेला कारखान्याचा सुपरवायझर लगेच म्हणाला, "म्हणजे दोष त्याच्या शरीराचाच."

"त्या पेशींना बोलावला कोनी? तुमच्याच गॅसनी ना?" म्हणत तिने जेवणाचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली. ती पुन्हा धावली. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही.

त्याला टाके मीच घातले. माझं बोलणं तो असं वापरेल, हे मला का सुचलं नाही?

किसन संध्याकाळी गेला. मृत्यूचं कारण मी लिहिलं: क्लोरीन.