एक कमी आहे

प्रिय गेथिनदादा,

आम्ही दोघी सुखरूप आहोत. बाबा गेल्यावर आईला जरा समुद्रावर ने, ही कल्पना तुझी. चालून चालून पाय माझे मोडलेत. ती मात्र ठणठणीत आहे, दोन वेळा नीट जेवते.

किल्ला दाखवला, तर म्हणाली, "छप्पर नसलेल्या घरात बघायचं काय?" किनाऱ्यावर गाडीतून उतरलीच नाही. "चहात वाळू पडते गं."

आज कड्यावरून खाली खडकांवर पसरलेले ते मिशाळ, लठ्ठ सील प्राणी दाखवले. तिथून बाई हलेचनात! वाऱ्यात उभी राहून बोटाने मोजत बसली, संध्याकाळी फाटकात बाबांबरोबर मेंढ्या मोजायची तशी. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

"एक कमी आहे," म्हणाली.

मी गारठले होते, वैतागलेही होते. म्हटलं, "आला बघ तो, आई. चल आता."

"खोटं बोलू नकोस. तो यायचा नाही, कळतं मला. म्हणून काय मोजायचं सोडायचं?"

मग मीही मोजत उभी राहिले.

तिकडे फाटकात तू एकटाच मोजतोस ना रे? आकडा जुळतो का?

तुझी दमलेली,
लोवरी