चौतीस अक्षरं

सोमवार, ३ नोव्हेंबर
पुन्हा सोइन्तू! सकाळच्या कॉफीला आमचा साहेब रायमो सगळ्यांदेखत म्हणाला, "हिचा कोड वाचताना चष्मा पुसावा लागत नाही." आणि माझा? पंधरा वर्षं राबतेय मी इथे. पहिल्या दिवशी तिला तिची खुर्चीसुद्धा मीच दाखवली होती.

रायमो नाताळात निवृत्त होतोय. त्याची जागा आम्हा दोघींपैकी एकीला. फर्मान निघालंय — दोघींनी एकमेकींबद्दल मत लिहायचं, सगळ्यांना वाचता येईल असं, आणि आपल्याच निरोपसेवेतून. गृहसंस्थांना जे विकतो ते आधी आपण वापरायचं, हा रायमोचा जुना हट्ट.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सेवेतला मजकूर पाठवणारा भाग मी नव्याने लिहून चालू केला. दीड दिवसात! तिला चार लागले असते. नियमाने तिच्याकडे तपासायला द्यायचा होता. नाही दिला. इंग्रजीत "हॅलो" पाठवलं, "हॅलो" आलं. झालं की!

तिच्याकडून चुका काढून घ्यायची मला हौस नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तिचं मत आलं. दहा ओळी, बहुतेक कामाचा तपशील. आणि शेवटी — "तूलिक्की पटकन चिडते. नव्या माणसांना तिची भीती वाटते. मलाही वाटायची"

पूर्णविराम देण्याचंही सौजन्य नाही!

मग मीही लिहिलं. फिन्निशमध्ये हात धजेना, म्हणून इंग्रजीत. परक्या भाषेत माणूस जरा निर्लज्ज होतो. "हुशार आहे, पण उथळ. जबाबदारी पेलणार नाही." पाठवून टाकलं.

जळते मी तिच्यावर. इथे तरी कशाला लपवू?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
ऑफिसची सौना, म्हणजे वाफेची खोली. बायकांच्या वेळेला आम्ही दोघीच.

"माझं वाचलंस ना गं?" सोइन्तूने विचारलं.
"वाचलं."
"शेवटपर्यंत?"
"शेवटपर्यंत!"

मी तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. मग आणखी एक डाव. माझेच कान भाजले, पण हलले नाही. ती काहीतरी बोलणार होती. वाफ सोसेना तशी उठून गेली. बरं वाटलं. फार वेळ नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
एका गृहसंस्थेतल्या आजीबाईंचा फोन. "अहो बाई, पाणी बंद राहणार म्हणता, पण कधी? निरोप मध्येच संपलाय!"

दिवसभर खणत बसले. सापडलं. मजकुराआधी सर्व्हर त्याची लांबी कळवतो. समोरचं यंत्र तेवढंच वाचतं आणि थांबतं. लांबी बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मापात, मोजायची असते. मी अक्षरं मोजली! इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून "हॅलो" सुखरूप पोचलं. आमच्या फिन्निशमधल्या ä, ö अशा टिंबवाल्या अक्षरांना दोन लागतात. मजकुरात अशी जितकी अक्षरं, तितकं शेपूट तुटणार. असली चूक करू नका, असं नवशिक्यांना शिकवताना मीच सांगते.

सोइन्तूने दोन मिनिटांत पकडली असती.

दुरुस्त केलं. या वेळी तिच्याकडे तपासायला पाठवलं. उत्तर आलं — "बरोबर आहे."

मंगळवार, ११ नोव्हेंबर
तिचं मत पुन्हा उघडलं. टिंबवाली अक्षरं मोजली — चौतीस. शेवटची चौतीस अक्षरं आता आली होती. एक पूर्णविराम, आणि पुढे: "तरीही जागा तूलिक्कीचीच."

माझं इंग्रजीतलं मत पहिल्याच दिवशी पूर्ण पोचलं होतं.